घर आणि शाळा : दोन शतकांच्या संवादाचा मागोवा

इतिहासाच्या ग्रंथांत साखरखेर्ड्याचे नाव येते ते एका लढाईमुळे. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची येथे गाठ पडली, मुबारिझखान मारला गेला, आणि दक्षिणेत निजामशाहीचा पाया घातला गेला. विजयाची खूण म्हणून निजामाने गावाला फत्तेखेर्डा असे नाव दिले. पण लोकांनी आपले जुने नाव सोडले नाही. सिंदखेडराजा तालुक्यातील हे गाव त्यामुळे अभ्यासकांना ठाऊक असते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र लढाईचा नाही. गावोगावच्या ओट्यांवर, चावड्यांत आणि वर्गखोल्यांत गेली दोनशे वर्षे चालत आलेल्या एका संबंधाचा हा मागोवा आहे. तो संबंध आहे पालकांचा आणि त्यांच्या मुलांच्या शाळेचा. त्याचा इतिहास स्वतंत्रपणे फारसा कोणी लिहीत नाही. शिक्षणाच्या इतिहासात कायदे येतात, आयोग येतात, संस्थापकांची चरित्रे येतात. आई-बाप त्यात क्वचितच दिसतात. तथापि शाळा टिकली की नाही, याचा निर्णय पुष्कळदा त्यांनीच केलेला आहे.

इंग्रजी अंमलापूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ आपल्याकडे पंतोजींची शाळा होती. कोणाच्या तरी ओसरीवर, देवळात किंवा पंतोजींच्या स्वतःच्या घरी ती भरे. धुळपाटीवर अक्षरे गिरवावीत, मोडी वळण घोटावे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे पाढे तोंडपाठ म्हणावेत, एवढाच तिचा पसारा. या शाळेचा आर्थिक व्यवहार थेट घराशी होता. पंतोजींना मोबदला सरकारातून मिळत नसे. तो पालकांकडून मिळे, कधी पैशांत, कधी धान्यात, आणि सणावाराला शिध्याच्या रूपात. मूल आले नाही की पंतोजी दांडग्या पोरांची टोळी घरी धाडीत. ती पोरे बुट्टी मारणाऱ्याचे हातपाय धरून त्याला उचलून आणीत. मराठीतील ‘उचलबांगडी’ हा शब्द आज आपण बदली किंवा हकालपट्टी अशा अर्थी वापरतो. त्यामागे हे जुने दृश्य आहे. ते पाहताना आई-बापांना विशेष वावगे वाटत नसे, कारण पंतोजी आणि घर यांचे परस्परांशी उघड बोलणे असे. पोराचा पाढा चुकला तर बाप विचारी, आणि शिधा चुकला तर पंतोजी विचारीत.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. छडी, अंगठे धरून उभे करणे आणि त्याहून कठोर शिक्षा हा तिचा नित्यक्रम होता. शिवाय तिचा दरवाजा सर्वांसाठी उघडा नव्हता. मुली त्यात अपवादानेच दिसत, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तेथे स्थानच नव्हते. घर आणि शाळा यांचा जो जिवंत संवाद होता तो मूठभर घरांपुरताच होता, हे विसरून चालणार नाही.

मुंबई इलाख्यात १८२० नंतर परिस्थिती पालटू लागली. एल्फिन्स्टनच्या काळात शिक्षणसंस्था स्थापन झाली, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तके तयार झाली, आणि १८२६ मध्ये प्रशिक्षण घेतलेल्या चोवीस शिक्षकांना निरनिराळ्या गावी शाळा काढण्यासाठी पाठवण्यात आले. १८५४ च्या वूडच्या खलित्यानंतर शिक्षणखाते अस्तित्वात आले. १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा लोकल फंड बसवण्यात आला आणि त्याचा काही भाग शाळांसाठी राखला गेला. आपला वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला होता. येथेही कालांतराने सरकारी शाळा उघडल्या.

या बदलात लाभ पुष्कळ झाला. छापील पुस्तक आले, तपासनीस आला, आणि निदान कागदावर तरी शाळा सर्वांची झाली. तथापि एक धागा तुटला, आणि त्याची दखल त्या काळी फार थोड्यांनी घेतली. मास्तरांचा पगार आता कचेरीतून येऊ लागला, तेव्हा मास्तरांचे तोंडही कचेरीकडे वळले. पालक पैसे देतच होता. पण ते पट्टीच्या रूपाने, तलाठ्याच्या मार्फत. त्या पैशांचा आणि आपल्या पोराच्या पाटीचा संबंध त्याला दिसेनासा झाला.

ज्यांना हे दिसले त्यांत महात्मा जोतीराव फुले अग्रणी होते, आणि ते त्यांना दिसण्याचे एक कारण त्यांच्या स्वतःच्या बालपणात सापडते. जोतीरावांचे वडील गोविंदराव यांनी इतरांच्या सांगण्यावरून मुलाला शाळेतून काढून घेतले होते. शिकून पोरगा शेतीच्या कामाचा राहणार नाही, ही भीती त्यांच्या मनात भरवली गेली होती. पुढे मुन्शी गफार बेग आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासाची दिशा ज्या संभाषणाने ठरली ते शाळेच्या कचेरीत झाले नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांत झाले. त्या वेळी शाळेने गोविंदरावांकडे कोणाला धाडले असते, तर शेजाऱ्यांना मध्ये पडावेच लागले नसते, असे म्हणण्याचा मोह होतो.

१८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढताना आणि १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू करताना जोतीराव आणि सावित्रीबाई यांना घरांची मने वळवण्याचे काम किती अवघड आहे याचा अनुभव आला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन सादर केले त्यात तो अनुभव उतरला आहे. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही त्यांची मागणी सर्वांना माहीत असते. शिक्षक कसा असावा याविषयीचा भाग मात्र कमी वाचला जातो. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची हत्यारे हाती धरताना त्यांना लाज वाटू नये, आणि लोकांत मिसळून त्यांच्या गरजा व इच्छा त्यांना समजाव्यात, असा त्या म्हणण्याचा आशय आहे. गावातील टपालाचे किंवा दस्तऐवज नोंदवण्याचे कामही शिक्षकाकडे द्यावे, म्हणजे लोकांचा त्याच्याशी संबंध येईल, असेही त्यांनी सुचवले होते. लोकांशी बोलता येणे ही शिक्षकाची पात्रता आहे, हे इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी आपल्याकडे कोणी मांडल्याचे आढळत नाही. शिक्षकांवर आज शिक्षणबाह्य कामांचा जो बोजा पडतो त्याचा दाखला देऊन कोणी या सूचनेला हसेल. परंतु जोतीरावांचा हेतू गावाने शिक्षकाच्या दारात यावे, हा होता.

यानंतरचा काळ सक्तीच्या विचाराचा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड अशी त्यात तरतूद होती. त्या काळच्या रुपयाची किंमत ध्यानात घेतली, म्हणजे या दंडाची जरब किती असेल याची कल्पना येते.

दंड हीदेखील बोलण्याचीच एक रीत आहे, परंतु ती एका बाजूची. शाहू महाराजांविषयी पूर्ण आदर बाळगून असे म्हणावे लागेल की दंडाने मूल शाळेच्या दाराशी पोहोचते, पण पालक बाहेरच राहतो. महाराजांनाही हे जाणवत असावे. कारण कायद्याच्या कितीतरी आधीपासून त्यांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले आणि त्या त्या समाजाला त्यांच्या व्यवस्थेत जबाबदारी दिली. कोल्हापूरचे जैन बोर्डिंग हे त्यांपैकीच एक. आपल्या वऱ्हाडातही कारंजा येथे १९१८ मध्ये महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला, आणि दूरदूरच्या खेड्यांतील कुटुंबांनी विश्वासाने आपली मुले तेथे सोपवली.

कोल्हापूरच्या त्या बोर्डिंगमध्ये काही काळ राहिलेले भाऊराव पाटील यांनी दंडाच्या नेमक्या उलट टोकाची वाट धरली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आणली. वसतिगृह चालवण्यासाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. तिच्याकडे बहुधा केवळ काटकसरीचा उपाय म्हणून पाहिले जाते. आमच्या मते तिचे मोल त्याहून अधिक होते. जात्यावर बसलेली बाई ज्या वेळी शाळेच्या नावाने धान्याची मूठ बाजूला काढते, त्या वेळी ती शाळा तिची होते. पंतोजीच्या शिध्यातून जो धागा तुटला होता तो येथे पुन्हा जोडला गेला, आणि या वेळी तो सर्व जातींच्या घरांना जोडणारा होता. देणाऱ्या घरात शिकणारे मूल असो वा नसो, शाळेचे काय चालले आहे हे विचारण्याचा हक्क त्या घराला आपोआप मिळे.

वऱ्हाडच्या बाबतीत हेच काम कीर्तनाने केले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले संत गाडगेबाबा स्वतः शाळेत गेले नव्हते. पण पालकांशी बोलण्याची जी कला त्यांना साधली होती ती कोणत्याही शिक्षणाधिकाऱ्याला हेवा वाटावा अशी होती. ते उपदेश करीत नसत, प्रश्न विचारीत. समोरच्या माणसाकडून उत्तर काढीत, त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न करीत, आणि शेवटी मुलाला शाळेत घालण्याची गोष्ट श्रोत्याच्याच तोंडून वदवीत. घरातील भांडी विकावी लागली तरी चालेल, पण पोराला शिकवा, ही त्यांची शिकवण आजही वऱ्हाडातील वृद्धांच्या बोलण्यात येते. ज्याने स्वतः शाळेचे तोंड पाहिले नाही अशा बापाला शाळेविषयी जो संकोच वाटतो, तो बाबांना आतून ठाऊक होता. बाबा आणि भाऊराव यांचा स्नेह सर्वश्रुत आहे. कराड येथे १९५४ मध्ये रयत शिक्षण संस्थेने काढलेल्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले.

बुलडाणा जिल्हा ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होता त्या प्रांताने १९३७ नंतर एक धाडसी योजना हाती घेतली, तिची आठवण येथे अवश्य केली पाहिजे. तिचे नाव विद्यामंदिर योजना. शिक्षणमंत्री आणि पुढे मुख्यमंत्री झालेले पंडित रविशंकर शुक्ल तिचे प्रवर्तक होते. ज्या गावाजवळ शाळा नाही तेथे लोकांनी जमीन दान द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा आणि शिक्षक यांचा निर्वाह व्हावा, व गावच्या समितीने कारभार पाहावा, अशी ती कल्पना होती. शिक्षक तयार करण्यासाठी १९३८ मध्ये वर्ध्याला प्रशिक्षणशाळाही निघाली. म्हणजे शाळेचे वावर गावाचे, पीक गावाचे आणि हिशोबही गावासमोर. कल्पना म्हणून ही गोष्ट फार मोलाची होती. पण ‘मंदिर’ या नावाला मुस्लिम समाजातून तीव्र विरोध झाला, आणि तो वाद योजनेला शेवटपर्यंत चिकटून राहिला. शाळेच्या पाटीवर काय लिहायचे हे ठरवण्यापूर्वी सर्व पालकांना विचारले गेले नाही, तर किती किंमत मोजावी लागते याचे हे उदाहरण होय. १९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजनेमागचे बळ ओसरले.

स्वातंत्र्यानंतर पालक आणि शाळा यांच्या संवादाचा सर्वांत मूलगामी प्रयोग झाला तो ठाणे जिल्ह्याच्या (आजच्या पालघर जिल्ह्याच्या) किनाऱ्यालगत. त्याच्या मूळ प्रेरक ताराबाई मोडक. विवाहानंतर काही वर्षे त्या अमरावतीत होत्या, म्हणून वऱ्हाडला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणाचे शास्त्र आत्मसात केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाच्या मराठी आवृत्तीतून त्यांनी शिक्षकांइतकेच पालकांना उद्देशून लिहिले. पण वाचणारे पालक शहरात होते. खेड्यातील, तेही गरिबांच्या वस्तीतील, मुलापर्यंत पोहोचायचे म्हणून १९४५ मध्ये त्या बोर्डी येथे आल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या.

बालवाडी उघडली, सामान मांडले, परंतु ज्यांच्यासाठी ती होती ती मुले येईनात. येथे बहुतेक संस्था पालकांच्या अज्ञानाला बोल लावून थांबल्या असत्या. ताराबाईंनी कारणे शोधली. मोठ्या मुलीला धाकटे भावंड सांभाळायचे असते, मुलाला गुरे राखायची असतात, आणि आईला मूल नजरेआड धाडण्याचा धीर होत नाही. तेव्हा बालवाडीच वस्तीत नेली, तेथल्या घरांच्या अंगणात. आई आपले काम करता करता पाहू लागली की बाई मुलाशी कशा बोलतात, त्याला कसे धुतात-पुसतात, काय खेळवतात. ही झाली अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुलांसाठी, ती गुरे चारायला जात त्या माळावर, कुरणशाळा भरवण्यात आली. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. अनुताईंनी ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या पुस्तकात आपले अनुभव सांगितले आहेत.

आम्हांस असे वाटते की या साऱ्या इतिहासात अंगणाची ही कल्पना सर्वश्रेष्ठ आहे. पालकाला शाळेत बोलावले म्हणजे तो पाहुणा होतो. चप्पल कोठे काढावी, कोठे बसावे, बोलावे की न बोलावे, अशा संकोचात तो असतो. त्याच्या अंगणात गेले की पाहुणे आपण होतो आणि तो घरधनी. बोलणे कोणी सुरू करायचे, हे त्यावरून ठरते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि अंगणवाडी हा शब्द भारतभर गेला. शब्द गेला, पण अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी मागे राहिले.

प्राथमिक शाळांची कथा निराळी झाली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावोगावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळांची संख्या वाढली, मुली मोठ्या प्रमाणावर शिकू लागल्या, हे या व्यवस्थेचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि रस्ते झाले, एस.टी. आली, दुचाकी आली, तसतसे गुरुजी तालुक्याच्या गावी राहू लागले. पूर्वी संध्याकाळी पारावर भेटणारे गुरुजी आता साडेपाचनंतर दिसत नाहीत, ही तक्रार प्रत्येक खेड्यात ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. पण गुरुजींनाही मुले आहेत आणि त्यांनाही चांगली शाळा हवी असते, हेही तितकेच खरे.

परिणाम असा झाला की घर आणि शाळा यांमधला दुवा म्हणून उरले ते प्रगतिपुस्तक. वर्षातून दोनदा ते घरी येते, त्यावर सही किंवा अंगठा होतो, आणि ते परत जाते. पालकसभेची सूचना निघते ती नेमकी सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापसाच्या वेचणीत. मग ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा इतिवृत्तात पडतो. एकट्या पालकाला निरोप येतो तो मुलाने काही आगळीक केली असेल तेव्हाच. त्यामुळे शाळेचा निरोप म्हणजे तक्रार, असे समीकरण घरोघरी पक्के झाले. मुलगा आज छान वाचला, एवढे सांगण्यासाठी शाळेने कोणाला बोलावल्याचे किती जणांना आठवते? शहरांतून या प्रश्नाचा विचार पूर्वीच सुरू झाला होता. पुण्यातून १९८७ मध्ये सुरू झालेले ‘पालकनीती’ हे मासिक केवळ पालकत्वाच्या विचाराला वाहिलेले आहे.

कायद्याने या शतकात पालकाला जी जागा दिली ती मात्र अभूतपूर्व आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित आणि दुर्बल घटकांच्या पालकांनाही प्रमाणात स्थान आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम या समितीचे. विशेष म्हणजे या कायद्यातील ‘सक्ती’ शासनावर आहे. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे, परंतु त्यासाठी दंड ठेवलेला नाही. १९१७ चा एक रुपया दंड ते २००९ ची तीन चतुर्थांश जागा, हे अंतर साधारण नव्वद वर्षांत कापले गेले. महाराष्ट्रात २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने खाजगी शाळांतही पालक-शिक्षक संघ आवश्यक केला. त्याच्या कार्यकारी समितीवरील पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्न राहू नये.

जागा मिळाली, पण बोलणे सुरू झाले का? दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी आणि उन्हाळ्यात परतणारी कुटुंबे मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या भागांत आहेत. समितीची बैठक असते त्या दिवशी हे पालक शेकडो मैल दूर फडात असतात. मूल आजीजवळ राहते किंवा आई-बापांबरोबर जाते. १९९० च्या दशकापासून साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, पुढे गावातच हंगामी वसतिगृहांची सोय झाली. ज्या शिक्षकांनी निघणाऱ्या कुटुंबांना घरी जाऊन गाठले, कोण मागे थांबणार आणि त्याचे जेवण कोण पाहणार हे आधी ठरवले, त्यांच्या शाळांचा पट हंगामातही टिकला. इतरांच्या हजेरीपटावर नावे तेवढी उरली. मोबाइलच्या गटांवर आता रोज सूचना येतात हे खरे. पण त्या बहुधा वरून खाली येतात, आणि उत्तरादाखल हात जोडल्याचे चित्र पाठवले की व्यवहार संपतो.

२०२० मध्ये महामारीने शाळांना कुलूप लावले, तेव्हा ज्या घरात स्मार्टफोन नव्हता त्या घराचा शाळेशी उरलासुरला संबंधही तुटण्याची वेळ आली. सोलापुरात नीलमनगर ही यंत्रमाग आणि वस्त्रोद्योगातील कामगारांची वस्ती आहे. तेथल्या शिक्षकांनी पाठ रंगवले ते घरांच्या बाहेरच्या भिंतींवर. मुळाक्षरे, पाढे, व्याकरण, विज्ञानाच्या आकृत्या गल्लीगल्लीत उमटल्या. मुलांनी आपापल्या सवडीने, एकमेकांपासून अंतर राखून, भिंतीसमोर उभे राहून वाचावे, अशी योजना होती. त्यासाठी शिक्षकांना प्रत्येक घरमालकाकडे जाऊन आधी एक गोष्ट मागावी लागली : भिंत वापरण्याची परवानगी.